डाव्या चाकाचा हट्ट

किनाऱ्यावर हॉटेलं नव्हती तेव्हाची गोष्ट. वत्सलाताई जीपमागे जोडलेल्या आपल्या फिरत्या घरातून हिंडत. रोज संध्याकाळी त्या घराच्या दोन्ही चाकांमधली वाळू झाडत आणि वंगण देत. डावं चाक वैतागे.

"उद्या पुन्हा वाळूतच जायचं, मग रोज हा छळ कशाला? आज मला राहू द्या!"

ताई दमल्या होत्या. त्यांनी उजवंच चाक साफ केलं.

पहाटे भरतीचं पाणी दाराशी आलं. ताईंनी घाईघाईने जीप सुरू केली. उजवं चाक फिरलं, डावं मात्र करकरत रुतून बसलं. ताईंनी पाण्यात उतरून अडकलेली वाळू बोटांनी उकरली, तेव्हा कुठे ते हललं आणि घर उंचावर आलं.

ताईंनी चहा ठेवला. डावं चाक हळूच म्हणालं, "सावकाश घ्या चहा. मग जरा माझ्याकडे बघाल ना?"