एमस रिग्बीचा गुडघा

विलायतेत सूतगिरण्यांचं एक गाव होतं. तिथे एमस रिग्बी नावाचा एक गडी राहायचा. लहानपणापासून तो गिरणीत खपला. पुढे गावच्या फुटबॉल संघाने त्याला पगारावर ठेवलं. चेंडू लाथाडायचा पगार मिळतो, ही गोष्ट तेव्हा नवीनच होती. म्हातारे विचारत, याला काम म्हणायचं की चैन? एमसला त्यांचं काही वाटत नसे. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने तो खोकून खोकून बेजार झाला होता. मैदानात आल्यापासून त्याची छाती मोकळी झाली होती.

एकदा सरावात त्याचा गुडघा मुरगळला. सांगितलं तर जागा जाईल आणि पुन्हा तीच धूळ नशिबी येईल, या धास्तीने तो गप्प बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाशी म्हटलं. मोठा शहाणा! मूठ झाकता येते, पण गुडघा झाकून पळता येत नाही.

चार दिवसांनी चषकाचा सामना आला. एमस बचावाला उभा राहिला. समोरचा गडी त्याच्या शेजारून आरामात निघून गेला आणि गोल झाला. थोड्या वेळाने दुसराही तसाच झाला असता, तो थोडक्यात हुकला. एमस दात आवळून पळत होता आणि मागे पडत होता. त्या काळी सामना सुरू झाला की बदली खेळाडू घेता येत नसे.

मध्यंतरात सगळ्यांनी गोलरक्षकाला धारेवर धरलं. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. एमसला ते बघवेना.

"कप्तान, त्याला बोलू नका," तो म्हणाला. "माझा गुडघा चार दिवसांपासून गेलाय. मी लपवलं."

कप्तान थॉर्प त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "अरे, आधी सांगितलं असतंस तर आज दुसरा उभा केला असता. गुडघा दुखला म्हणून कुणी माणूस टाकून देतं का?"

त्याने एमसला पुढे, मैदानाच्या अगदी कडेला उभं केलं आणि तिथल्या धडधाकट गड्याला बचावाला आणलं. मग मात्र एकही गोल चढला नाही. लंगड्याकडे कोण लक्ष देतो? समोरच्यांनी एमसला मोकळंच सोडलं. सामना संपत आला तेव्हा चेंडू घरंगळत त्याच्याच पायाशी आला. पळायची गरजच नव्हती. त्याने चांगल्या पायाने फटका मारला आणि सामना बरोबरीत सुटला.

थॉर्पने स्वतः त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधली. महिनाभर मैदानाकडे फिरकायचं नाही, अशी तंबी दिली. "तुझी जागा तुझीच आहे," एवढं वर म्हणाला.

एमसच्या जिवात जीव आला. त्या दिवशी तो भर रस्त्यातून, सगळ्यांच्या देखत, खुशाल लंगडत घरी गेला.

तात्पर्य: दुखणं लपवलं की त्याचा भार सगळ्यांवर पडतो, वेळीच सांगितलं तर तो उचलायला चार हात पुढे येतात.