शिशात कथील किती

"कथील कमी पडलं का, आबा? एवढंच सांगा."

चुलीवरच्या लोखंडी पळीत शिसं वितळत होतं. वर आलेली मळी आबा धुरींनी काडीने बाजूला केली.

समोर डॉ. विद्याधर तेंडोलकर बंदूक शेजारी ठेवून अवघडून बसले होते. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात धातुशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन गावी आले, आणि रानडुकरांनी सलग दोन वर्षं भुईमूग उकरून टाकला. मग वडिलांची ठासणीची बंदूक नावावर करून घेतली, वनखात्यात खेटे घालून डुक्कर मारायची परवानगी मिळवली. गोळ्या ओतायला मात्र ते ऐंशी वर्षांच्या आबांकडे शिकले.

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत बारा गोळ्या. गुळगुळीत, एका मापाच्या.

"सोनाराच्या काट्यावर तोलल्यात. गुंजेचा फरक नाही."

"सोन्याच्या भावान विकतलास काय?"

"थट्टा नको, आबा. परवा संध्याकाळी चाळीस पावलांवर डुक्कर उभं होतं. नेम नीट धरला होता. तरी..."

"तरी?"

"फुकट गेली."

आबांनी रुमालातली एक गोळी उचलली आणि पळीत सोडली. ती बुडाली, दिसेनाशी झाली.

"अहो! चांगली होती ती."

"मगे चुकली कशी?"

"तेच तर विचारतोय. दारू कमी ठासली गेली असेल. किंवा मिश्रण नरम..."

आबांनी दुसरी सोडली. तिसरी सोडली.

"दोष कशात आहे, ते तरी कळू द्या!"

"फुकट म्हणजे खय गेली? मातयेत? झाडात?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

सुनेने पेजेचे दोन वाडगे आणून ठेवले, आणि ती आत गेली.

त्या गावात शिकाऱ्यांची एक रीत होती. जनावर जखमी करून जो परत फिरला, त्याने त्याचा माग काढेपर्यंत शिजलेलं अन्न तोंडाला लावायचं नाही. आबांनी दिलेला पहिला धडा हाच. डॉक्टरांनी तो वहीत उतरवून घेतला होता, खाली रेघ मारून.

"जेवा, डॉक्टरांनू."

डॉक्टरांनी वाडगा उचलला. ओठांपर्यंत नेला.

आबा तिकडे बघतही नव्हते. चौथी गोळी पळीत सोडत होते.

वाडगा खाली आला.

"रक्त होतं."

"खय?"

"करवंदीच्या जाळीखाली, पानांवर... दहा पावलं गेलो. आत काहीतरी धापा टाकत होतं. भ्यालो मी. घरी येऊन सांगितलं, नेम चुकला. हिने गरम भात वाढला. तो खाल्ला. काल दोनदा खाल्ला."

"भूक बरी लागता तुमका."

डॉक्टरांचे कान तापले. परीक्षेत कॉपी करणारी कितीतरी पोरं त्यांनी पकडली होती, वर्गासमोर उभी केली होती. त्या पोरांना काय होत असेल, याचा विचार अडुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

आबांनी पळी चुलीवरून उतरवली. उठले. खुंटीवरचं बंदुकीच्या दारूचं शिंग खांद्याला अडकवलं, काठी घेतली.

"तुम्ही तरी पेज पिऊन घ्या," डॉक्टर पुटपुटले. "तुम्ही कुठे गोळी मारलीत?"

"ओतूक कोणी शिकयल्यान?"

दोन्ही वाडग्यांवर साय धरू लागली होती.

डॉक्टर उठले नाहीत.

"दोन रात्री गेल्या, आबा. मेलं असेल. नाहीतर कुठल्या कुठे गेलं असेल. आता जाऊन त्याला काय उपयोग?"

आबा उंबऱ्याबाहेर पडले होते. वळले नाहीत.

"तेकाच इचारूया."