मानाचं फावडं आणि तुपाचे लाडू

फार फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्ही तर जरा जास्तच कान देऊन ऐका.

एका गावात दोन म्हातारे पैलवान होते. एक थोरला, एक धाकटा. एकाच तालमीत वाढलेले. म्हातारपणी दोघांनीही कुस्ती सोडली. धाकट्याने कुस्तीबरोबर खुराकही सोडला. थोरल्याने मात्र खुराक तसाच चालू ठेवला. तांब्याभर दूध, बदाम, वर तुपातले खारकेचे लाडू. म्हणायचा, "पैलवानाचं शरीर आहे, उतरून कसं चालेल?" कसलं उतरतंय! पोट एवढं सुटलं की वाकून वहाणाही घालता येईनात.

तालीम होती टेकडीवर. धाकटा अजूनही रोज तिथे मुलांना शिकवायला जाई. जत्रेच्या दिवशी आखाड्याची माती उकरायचा पहिला मान वयाने सगळ्यांत मोठ्या पैलवानाचा. पण त्याने वाटेत कुठेही न बसता टेकडी चढून यायला हवं, अशी रीत होती. थोरल्याला ते जमेना. म्हणून मानाचं फावडं दर जत्रेला धाकट्याच्या हातात जाई.

वर ढोल वाजले की खाली थोरल्याचा नुसता जळफळाट व्हायचा. "माझं फावडं, आणि मिरवतोय तो!" वजन उतरवायचं त्याने कितीदा तरी मनावर घेतलं होतं. ते दुपारच्या जेवणापर्यंत टिकायचं. मग म्हणायचा, "या वयात आता काय व्हायचंय?"

एकदा मात्र त्याच्या डोक्यात भलतंच आलं. "मी बारीक होत नाही ना? मग तोच जाडा होऊ दे!"

जास्त लाडू मागितले तर बायको खोदून खोदून विचारणार. म्हणून त्याने स्वतःच्या वाटचेच लाडू फडक्यात बांधले. गड्याबरोबर पाठवले असते, पण धाकटा खातोय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय याच्या जिवाला चैन कुठली! निघाला स्वतःच. धापा टाकत, दगडादगडावर बसत वर पोहोचला.

"ये दादा, ये!" धाकट्याला कोण आनंद झाला. "खा रे राजा, खास तुझ्यासाठी आणलेत," थोरला गोड गोड आवाजात म्हणाला. धाकट्याने एक लाडू खाल्ला, बाकीचे तालमीतल्या मुलांना वाटले. "आलाच आहेस, तर पोरांना एखादा डाव दाखव की."

दुसऱ्या दिवशी थोरला पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही, आणि पुढे कित्येक महिने रोज. आल्या आल्या आधी धाकट्याचं पोट निरखायचा. सुटलंय का? छे! मग आणखी चरफडत मुलांना डाव दाखवायचा आणि उद्या पुन्हा यायचं ठरवूनच टेकडी उतरायचा.

"अहो, धोतर सारखं का सावरताय?" बायको एकदा म्हणाली. त्याचं लक्षच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष दुसऱ्याच्या पोटावर!

जत्रेचा दिवस उजाडला. थोरला त्या दिवशीही लाडू घेऊन निघाला. मनातल्या मनात धाकट्याला शिव्या घालत वर पोहोचला, तर ढोल थांबलेले आणि सगळा गाव त्याच्याकडे बघतोय.

धाकट्याने फावडं पुढे केलं. "घे दादा. आज तू कुठेच बसला नाहीस. सगळ्यांनी पाहिलंय."

थोरल्याने मागे वळून टेकडीकडे पाहिलं. लाजेने त्याची मान खाली गेली. "अरे, हे लाडू मी कशासाठी आणत होतो, ठाऊक आहे तुला?"

"पहिल्याच दिवशी कळलं," धाकटा हसला. "जन्मात कधी माझ्याशी इतकं गोड बोलला होतास का?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो, तर तू दुसऱ्या दिवशी टेकडी चढला असतास का?"

थोरल्याला रडूच कोसळलं. रडत रडतच त्याने फावडं उचललं आणि मातीत पहिला घाव घातला.

तात्पर्य: दुसऱ्याला खाली ओढण्यात माणूस जेवढी ताकद घालवतो, तेवढ्या ताकदीत तो कोणत्याही वयात स्वतः वर चढू शकतो.