येसूआत्या हरीण बांधत नाही

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा माणूस निरोप पाठवून आंघोळ करायचा, जेवायचा, दुपारची झोप काढायचा आणि उठून बघायचा, तर निरोप अजून कुंपणापाशीच.

कारण त्या राज्यात निरोप कासवावरून जायचे. घरटी एक कासव. पाठीवर खडूनं निरोप लिहायचा आणि सोडून द्यायचं. पण त्याआधी त्याला उठवावं लागे, आणि ते साध्या हाकेनं उठत नसे. तोंडानं आधी कीं करायचं, मग खर्र, मग टुंई, मग परत खर्र. कासवही आतून तसंच उत्तर द्यायचं. दोघांचं जमलं तर ते निघायचं. वाटेत कुणी नुसतं "काय, कुठं निघालास?" विचारलं, तरी ते मान आत घ्यायचं. मग परत घरापासून सुरुवात.

तुम्ही म्हणाल, माणसानं स्वतःच का जाऊ नये? हुशार आहात. पण त्या राज्यात निरोप घेऊन माणसानं धावणं हलकं समजायचे. कुणी धावलाच, तर लोक थांबवून विचारायचे, "घरचं कासव वारलं का?"

तिथल्या वरच्या वाडीत येसूआत्या नावाची सुईण राहायची. आसपासच्या सात वाड्यांतली पोरं तिच्याच हातून जगात आली होती. म्हणजे, जिथं ती वेळेवर पोचली तिथली. बाकीच्या पोरांनी आपापलं बघून घेतलं होतं. एकदा तर ती पोचली तेव्हा बाळच दार उघडायला आलं.

यात हसण्यासारखं होतं तोवर आत्याही हसली. मग गेल्या वर्षी खालच्या वाडीतल्या हौसाचं पहिलं मूल गेलं. हौसा तिची भाची, आईमागं आत्यानंच वाढवलेली. कळा सुरू झाल्या तेव्हा हौसाच्या नवऱ्यानं रीतीप्रमाणं कासव सोडलं आणि दारात बसून राहिला. वाट तासाभराची. कासव दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलं. मूल पोटात आडवं होतं. आत्या असती तर तिनं वळवलं असतं.

आत्यानं कासवाच्या पाठीवरचा निरोप ओल्या फडक्यानं पुसला.

आता हौसाला परत दिवस होते. सातवा लागला होता. तिच्याकडं जाऊन राहावं, तर बाकीच्या वाड्यांत मिळून आणखी अकरा जणी दिवस मोजत होत्या.

त्याच सुमारास राजाची दवंडी आली. कासवं थकली, ज्यानं त्यानं आपापला नवा निरोप्या निवडावा. आठवड्याच्या आत जत्रेत दोन दुकानं लागली.

पहिलं घारवाल्याचं. "वाट नको, पूल नको," तो म्हणाला. "वरून येते, वरून जाते."

"ढग आले तर?" आत्यानं विचारलं.

"ढगात तिला दिसत नाही."

"मग पावसाळ्यात बाईनं काय करायचं?"

घारवाला विचारात पडला. "पावसाळ्यात बाळंत व्हायचंच कशाला?" तो म्हणाला. आत्या पुढं गेली.

दुसरं दुकान हरणवाल्याचं, आणि तिथं ही गर्दी. हरणवाला पाटलाचा मेहुणा. पाटील म्हणजे नुकताच बापाच्या गादीवर बसलेला, मिशी धड न फुटलेला पोरगा. हरणाच्या शिंगांना सोनेरी बेगड लावली होती आणि ते मोकळ्या मैदानात असं सुसाट पळत होतं, की बघणाऱ्यांच्या टोप्या उडत होत्या.

"तासाला शंभर कोस," मेहुणा ओरडला. "पहिले तीन महिने चारा आमचा. वर तांब्याचा हंडा."

अट एकच. हरणाच्या शेपटीच्या केसांची दोरी आपल्या दाराच्या कडीला बांधायची, तीन वर्षांसाठी. आणि त्या राज्यात कडीला मारलेली गाठ मोडणं म्हणजे पाप होतं.

आत्या हरणाभोवती एक फेरी मारून आली. "चाळीस घरांना हरणं किती?"

"एक," मेहुणा म्हणाला. "पण चपळ आहे."

"आजारी पडलं तर कोण येणार?"

"आमचा माणूस आहे ना. सात डोंगरांपलीकडं बसतो. तुम्ही हाक मारायची. तो लगेच सांगतो, तुमची हाक आम्हाला फार मोलाची आहे."

"आणि मग येतो?"

"मग परत सांगतो."

आत्यानं मान डोलावली. "बरं. मग असं कर. हे हरीण माझ्या दारातून सोड. पाठीवर निरोप घालून, दिवेलागणीला, सगळी वाडी निरोप धाडत असते तेव्हा. खालच्या वाडीत जाऊन परत येऊ दे."

"चाचणी जत्रेत झाली की, आत्या."

"मी जत्रेत राहत नाही."

लोक हसले. पाटलाला ते हसू मेहुण्याच्या बाजूचं वाटेना, म्हणून तो पुढं झाला. "आत्या, अख्ख्या वाडीनं गाठ मारलीय. तू एकटी शहाणी का? अमावस्येपर्यंत बांधायचं. ज्याच्या दाराला गाठ नाही, त्यानं हरणाच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही."

"वाट तर तेवढीच आहे. मग मी बाळंतपणाला जायचं कुठून?"

"घारीला विचार."

आता लोक नीट हसले. हौसाचा नवराही त्यांच्यात होता. सगळ्यांनी बांधलं म्हणून त्यानंही बांधलं होतं. हातात हंडा होता.

"बांधणार नाही," आत्या म्हणाली आणि घरी गेली.

घरी कासव उंबऱ्याशी पडून होतं. त्यानं मान बाहेर काढली. "मी हळू होतो हे खरं," ते म्हणालं. "पण जत्रेत कधी पळून दाखवलं नाही."

"झोप," आत्या म्हणाली. तिलाही ते पटलं होतं, पण पटून हौसा सुटणार नव्हती.

आता त्या वाड्यांची एक रीत सांगायला हवी. मूल जन्मलं, की बाळंतिणीच्या आधी गुळाचा खडा मुंग्यांना. सुईणीनं तो स्वतःच्या हातानं उंबऱ्यावर ठेवायचा. का, ते कुणाला माहीत नव्हतं. पण येसूआत्या तीस वर्षं ठेवत आली होती, त्यामुळं सातही वाड्यांतल्या मुंग्या तिला ओळखत होत्या. दुसऱ्या दिवशी एका घरी ती असाच खडा ठेवत होती, तेव्हा एक थोराड मुंगी त्यावर चढून उभी राहिली.

"कालचं ऐकलं आम्ही," मुंगी म्हणाली. "आम्ही नेऊ तुझा निरोप."

आत्यानं तिच्याकडं बघितलं. बघायला वाकावं लागलं. "तू किती जोरात पळतेस?"

"आम्ही पळतच नाही. हौसाच्या खाटेपासून तुझ्या खाटेपर्यंत रांगेत उभ्या राहू. पहिली दुसरीला चिमटा काढेल, दुसरी तिसरीला. आमच्यातली कुणी कुठं जाणार नाही. चिमटा तेवढा जाईल."

"किती जणी लागतील?"

"सहा लाख."

"आहात?"

"ह्या एका घरात आहोत."

आत्यानं तिलाही तेच विचारलं, बिघडलं तर कोण येणार. मुंगी म्हणाली, एक हलली की शेजारची सरकते, यायचं कुणाला कारण नाही. आणि गाठ? गाठ नाही. रोज सकाळी गूळ. पटलं नाही तर गूळ बंद कर, आम्ही घरी जाऊ. आठ दिवस लावून बघ आणि मग ठरव.

"माझ्या दारातून?"

"तुझ्या अंगठ्यापासून," मुंगी म्हणाली.

तसंच झालं. रांगेचं एक टोक हौसाच्या उशाशी, दुसरं आत्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी. एक चिमटा म्हणजे सहज ये, दोन म्हणजे लवकर ये, तीन म्हणजे असशील तशी ये. वाडीला ही बातमी हरणानं नेली नाही, तरी अर्ध्या तासात सगळीकडं झाली. बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, "आत्याला मुंग्या आल्या," आणि घागरी खाली ठेवून हसायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंगठ्याला तीन चिमटे बसले. आत्या बोचकं घेऊन तीरासारखी सुटली. पोचली, तर हौसा शेंगा सोलत बसलेली.

"काही नाही गं आत्या. चालतंय का बघत होते."

"चालतंय," आत्या म्हणाली, आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. हलकाच, सातव्या महिन्याला झेपेल असा. पण घरी येताना ती बऱ्याच दिवसांनी गाणं गुणगुणत होती.

अमावस्या आली, गेली. आत्याच्या कडीला गाठ नव्हती. पाटलानं वाटेवर आडवा बांबू बसवला आणि स्वतः तिथं बसायला लागला. आत्या रोज सकाळी बांबू ओलांडून जायची आणि त्याला विचारायची, "चहा झाला का?" त्यावर काय शिक्षा करावी, हे त्याला सुचायचं नाही.

असे दोन महिने गेले, हौसाचा नववा सरत आला, आणि पाडवा उजाडला. दिवेलागणीला सगळ्या घरांनी सगळ्या पाहुण्यांना शुभनिरोप धाडले. त्यातच खालच्या वाडीत हौसाच्या कळा सुरू झाल्या. नवऱ्यानं पळत जाऊन हरणाच्या शिंगाला निरोप अडकवला, आणि गेल्या वर्षीसारखा दारात येऊन बसला. हौसानं त्याच्याकडं बघितलं. मग हात लांब करून उशाजवळच्या मुंगीला तीनदा टोचलं.

आत्या तवा चुलीवर तसाच टाकून निघाली.

वेशीपर्यंत येऊन हरीण अडलं होतं. शिंगांवर एवढे निरोप लटकलेले, की शिंगं दिसत नव्हती. आत्ता कुठं लोकांना कळलं, की मेहुण्यानं खालच्या वाडीला वेगळं हरीण दिलंच नव्हतं, हेच एक दोन्हीकडं विकलं होतं. ते एक पाऊल टाकायचं, थांबायचं, जागच्या जागी गोल फिरायचं. परत एक पाऊल, परत गोल. लोक भोवती उभे राहून बघत होते. बघितलं की ते पुढं जाईल असं त्यांना वाटत होतं.

बांबूपाशी पाटील उभा राहिला. आज गर्दी होती, त्यामुळं त्याला माघार घेता येईना. "आत्या, आज नाही. गाठ नाही, तर वाट नाही."

"बाजूला हो पाटला."

"मी पाटील आहे या वाडीचा."

"माहीत आहे. माझ्याच हातून आलास. पायाकडून आला होतास, आणि तेव्हाही असाच वाट अडवून बसला होतास. तुला दीड तास ओढला मी. आज मला वेळ नाही."

गर्दीत कुणीतरी खोकलं. पाटलाचे कान लाल झाले. आत्यानं बांबू उचलला, त्याच्या हातात दिला, गोल फिरणाऱ्या हरणाला वळसा घातला आणि तासाभराच्या आत खालची वाडी गाठली.

हेही मूल आडवं होतं. आत्यानं तेल लावलेल्या हातांनी ते हळूहळू वळवलं. मग एक मुलगी रडली, इतक्या जोरात, की दारात बसलेला बाप उठून उभा राहिला. उंबऱ्यावर गुळाचा खडा पडला. हौसा म्हणाली, "आत्या, मला पण दे ना थोडा."

बाराव्या दिवशी बारसं होतं. दोन्ही वाड्या जमल्या होत्या. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, तेव्हा हरीण आत्याला शोधत धापा टाकत अंगणात आलं. शिंगाला निरोप होता. पाटलाच्या बायकोनं तो मोठ्यानं वाचला. "हौसाला कळा सुरू. लवकर या."

कुणी हसलं नाही. पाटलाच्या बायकोला पाचवा चालला होता. ती तशीच वरच्या वाडीत घरी गेली, आणि दिवस मावळायच्या आत कडीसकट दोरी उचकटून आणून आत्यापुढं धरली.

"ही काप," ती म्हणाली.

"पाप लागेल," पाटील म्हणाला. "तीन वर्षं व्हायचीत," मेहुणा म्हणाला.

आत्यानं बोचक्यातून नाळ कापायचं पातं काढलं. "आईला आणि लेकराला बांधणारी गाठ मी तीस वर्षं कापतेय," ती म्हणाली. "त्याचं पाप लागलं नाही. ही तर शेपटीच्या केसांची आहे."

आणि तिनं ती कापली. मग हौसाच्या नवऱ्याची. मग लोकांनी आपापल्या दोऱ्या आणून रांग लावली. शेवटची गाठ सुटल्यावर हरीण थोडा वेळ जागीच थांबलं. मग सरळ रेषेत चालत रानात निघून गेलं. मेहुणाही गेला. त्याला हंडे परत न्यायचे होते, पण त्यांत घुगऱ्या शिजल्या होत्या.

पुढं घरोघरी मुंग्यांच्या रांगा लागल्या. पाटलाच्या घरी सगळ्यात शेवटी. पहिल्याच संध्याकाळी त्याच्या अंगठ्याला चाळीस घरांतून चाळीस निरोप आले. सगळ्यांचा अर्थ एकच होता, "चहा झाला का?"

तात्पर्य: आपल्या दारातून, आपल्या गरजेच्या वेळी धावून दाखवल्याशिवाय कुणालाही आपल्या कडीला बांधू नये, आणि चुकून बांधलंच, तर कापायला लाजू नये.