सदतीस ठिकाणी गोंदा

“किती वेळ लागेल म्हणालात?”

“नऊ सेकंद, अण्णा.”

“दोन हजार फायलींना?”

“दोन हजार तीनशे सोळा,” हेरंब म्हणाला. अर्धवट आकडे त्याला खपत नसत.

पुण्यातली नोकरी सोडून तो मठात आला, त्याला वर्ष झालं होतं. ग्रंथभांडाराची किल्ली आपल्या हाती यावी, एवढी एकच इच्छा उरली होती. पण ती काही भांडार सांभाळणाऱ्या अण्णाबुवांच्या कमरेची सुटत नव्हती. वर ते त्याला नावानं हाकही मारत नसत. ‘इंजिनियरसाहेब’ म्हणत. ते त्याला फार लागायचं.

मठाचे मूळपुरुष जातीचे धनगर, घरचं नाव गोंदा. जुन्या पोथ्यांत सगळीकडे गोंदाच. आता संगणकावर उतरवलेल्या त्या पोथ्या छापायच्या, तर गोंदाच्या जागी ‘श्रीगोविंदानंद महाराज’ हवं, असं विश्वस्तांनी ठरवलं होतं. त्यासाठी हेरंबानं बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता.

“विभक्तीचे प्रत्ययसुद्धा सांभाळलेत. दाबू बटण?”

अण्णाबुवांनी एक पोथी उघडून पुढं केली. एका ओळीत पिवळा डाग होता, त्यावर अक्षर.

“लिहिणाऱ्याचं चुकलं, की तो हा पिवळा हरताळ फासायचा आणि त्यावर नवं लिहायचा.”

“आणि जुनं?”

“खाली आहे. नखानं खरवडलं तर दिसेल.”

हेरंब मनात हसला. पण म्हाताऱ्याचं मन राखायला त्यानं सगळ्या फायलींची एक प्रत बाजूला काढली. मग बटण दाबलं.

नऊ सेकंदही लागले नाहीत. चार हजार एकशे बारा ठिकाणी बदल!

“झालं, अण्णा!”

“छान. आता आईचं पान वाचा, इंजिनियरसाहेब.”

हेरंबानं फाइल उघडली. पोरगा डोंगरावर मेंढरांमागे डोळे मिटून बसलाय, आई खालून हाक मारतेय. तो खड्या आवाजात वाचू लागला.

“श्रीगोविंदानंद महाराज, चल रे, भाकरी निवली...”

तो थांबला.

अण्णाबुवा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

...

हेरंबानं बाजूला काढलेली प्रत मुकाट्यानं परत आणली. प्रोग्रॅममध्ये एकच गोष्ट वाढवली: प्रत्येक गोंदापाशी थांब, आणि मला विचार.

नऊ सेकंदांचं काम अकरा दिवस चाललं.

बाराव्या दिवशी भर दुपारी तो ओरडतच ओसरीवर आला. अख्खा मठ गोळा झाला.

“अण्णा, जिंकलो! एकूण एक वाचला!”

“किती बदललेत?”

“चार हजार पंच्याहत्तर. सदतीस तसेच ठेवले. आईच्या तोंडचे बावीस, बाकीचे सवंगड्यांचे.”

“विश्वस्त काय म्हणतील?”

“त्यांच्याशी मी भांडेन.”

“आणि हरले नाहीत तर?”

“तर त्यांना आईचं पान मोठ्यानं वाचायला लावेन.”

आता मात्र अण्णाबुवा पोट धरून हसले. हसता हसताच त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

 हेरंब आनंदानं किल्लीकडे बघत तसाच उभा राहिला...

अण्णाबुवा स्वयंपाकघराकडे निघाले होते. दारातून त्यांनी वळून हाक मारली,

“हेरंब्या, चल रे, भाकरी निवली.”