साळूबाईचा पाय आणि महाराजांचा शेला

भक्तहो, नदीकाठच्या वडथडी गावी, नारायणाच्या देवळातील ओवरीत सोपानगिरी महाराज राहत असत. देवाची पूजा गंगाधरभटांकडे होती. त्यांचे सोवळे कडक आणि जीभ त्याहून कडक!

गावातल्या साळूबाईचे सांधे वाताने धरले होते. त्यातच डाव्या घोट्यावर जखम झाली, ती वर्ष उलटले तरी भरेना. लोकांची दळणे करून पोट भरणारी ती; पाय गेला तर खायचे काय? ती रोज देवळात येई आणि अंगारा भक्तिभावाने जखमेत दाबून भरी. जखम चिघळतच गेली. गंगाधरभट चारचौघांत म्हणत, "अंगारा खोटा नाही, बाई, तुझी भक्तीच खोटी!" बिचारी मान खाली घाली.

एका एकादशीला ती सभामंडपातच कोसळली. पाय सुजून टम्म, अंगात ताप! महाराज धावून आले. आता ते चिमूटभर अंगारा लावतील, असे भटांना वाटले. छे! महाराजांनी उकळून निववलेले पाणी मागवले आणि जखमेतला अंगारा धुऊन काढला.

महाराज म्हणाले, "बाई, अंगारा कपाळाला लावायचा. उघड्या मांसात राख कोंबायला देवाने कधी सांगितले?"

मग त्यांनी आपला धुतलेला भगवा शेला तिच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि तो पाय उचलून सभामंडपातल्या स्वतःच्या गादीवर ठेवला. तळवा थेट देवाकडे!

"म्हाराज, पाप लागंल मला!" साळूबाई कळवळली.

"पाय उंच राहू दे, सूज उतरेल. आणि वैद्याचा काढा सोडू नकोस. वात आवरला तरच जखम भरेल."

गंगाधरभटांचे डोकेच फिरले. "देवाकडे पाय? विटाळ झाला!" असे ओरडत ते पाय खाली ओढायला वाकले. तेवढ्यात त्यांची नजर गाभाऱ्यात गेली आणि हात जागीच थिजले.

अरे देवा! नारायणाच्या डाव्या पायाला, बोटांपासून गुडघ्यापर्यंत, तोच भगवा शेला! सकाळी त्यांनीच तो पाय चंदनाने माखला होता. ते धडपडत आत गेले, त्या पायाला हात लावला. दगडाचा तो पाय तापाने फणफणत होता!

आपण वर्षभर कुणाला हिणवत होतो, हे भटांना कळून चुकले. बाहेर येऊन त्यांनी साळूबाईच्या पायाशी कपाळ टेकले. "आई, चुकलो गं मी!"

"भटजी, उद्यापासून जखम तुम्ही धुवा," एवढेच महाराज म्हणाले.

ते रोज आधी तिची जखम धूत, पायाला नमस्कार करीत आणि मगच आंघोळ करून, सोवळे नेसून पूजेला जात. पावसाळा सरता सरता जखम भरली. धुण्याचे काम संपले, पण भटांनी तो नमस्कार काही सोडला नाही.