ताठ मानेची शर्यत

दसऱ्याच्या शर्यतीत राणू रेषेवर हात टेकून पुढे झुकला, तसे खुर्चीत रेललेले सरदार हैबतराव गरजले, "आमचा गडी मान खाली घालत नाही! ताठ उभा राहून पळ, नाहीतर मैदानाबाहेर हो!"

वर्षभर घाम गाळलेला राणू हटला नाही. "ताठच निघतो, सरकार. फक्त निशाण दाखवायला आपणही तसेच उठा. पाठ वाकवायची नाही, हात टेकायचे नाहीत."

"त्यात काय मोठं!" म्हणत सरदारांनी जोर लावला. पाय थरथरले, चेहरा लालबुंद झाला, पण बूड काही हलेना. शेवटी वैतागून ते पुढे वाकले आणि झटक्यात उठले.

राणूने पुन्हा रेषेवर हात टेकले. "सरकार, नुसतं खुर्चीतून उठायला एवढं वाकावं लागतं. मला तर सगळ्यांना मागं टाकायचंय."